रेड्याला दीड स्टार

नेरमध्ये सिनेमा कळणारा माणूस एकच, असं भगवानराव इंगोल्यांचं मत होतं, आणि या मताला त्यांनी स्वतःच पाचपैकी पाच स्टार दिलेले होते. बाकी जगातल्या कोणत्याही गोष्टीला त्यांनी कधी अडीचच्या वर स्टार दिले नाहीत. 'सिनेरसिक, नेर' नावाचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. एकशे बेचाळीस माणसं. दर सोमवारी सकाळी आपल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पंखा फुल्ल करून भगवानराव ग्रुपवर परीक्षण टाकायचे, आणि मग दिवसभर लोक अंगठे दाखवायचे. एकदा त्यांनी एका सिनेमाला पाऊण स्टार दिला. स्टँडवरच्या चहावाल्यानं भीत भीत विचारलं, "साहेब, पाऊण म्हणजे चांगला का खराब?"

"संयत," भगवानराव म्हणाले. चहावाल्यानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता एवढ्या मोठ्या समीक्षकाची एक बारीकशी अडचण होती. त्यांना सिनेमा पाहता यायचा नाही. डोळे ठणठणीत होते, टीव्ही बेचाळीस इंची होता, पुण्याच्या लेकीनं, दिपालीनं, चार-चार ॲपचे पासवर्ड लिहून पाठवले होते. पण रविवारचं दुपारचं जेवण झालं, पातोडीची भाजी आणि भाकर पोटात गेली, सिनेमा लावला, निर्मात्याचं नाव आलं, की भगवानरावांची मान उजव्या खांद्यावर टेकायची. नायिका येईपर्यंत घोरणं लागलेलं असायचं.

सिनेमा पाहायच्या त्यांच्या बायको, बेबीताई. मांडीवर सूप घेऊन तूर निवडत निवडत त्या पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत पाहायच्या. सोमवारी सकाळी चहा झाला की भगवानराव कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन घेऊन बसायचे.

"हं. शेवटी काय झालं वं?"

बेबीताई सगळं सांगायच्या. कोण कुठून आला, कोण मेला, कोणाचं चुकलं. मध्येच आपलंही काही बोलून जायच्या. "त्या सुनेनं चार दिवस वावरात निंदण केलं अन् नखाचं पॉलिश जसंच्या तसं. असं राह्यते का कुठं?"

"तू मत नको सांगू. गोष्ट सांग. मत माह्यं मी बनवतो."

आणि साडेनऊला ग्रुपवर यायचं: 'वेशभूषेतील वास्तवाचा अभाव प्रकर्षाने खटकतो. दोन स्टार.'

हे असं सहा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण ग्रुपवर ममता मॅडम होत्या. शाळेत शिकवायच्या, भगवानरावांच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायच्या. एकदा त्यांनी भगवानरावांच्या परीक्षणाखाली लिहिलं, 'सर, मला तर त्यातली आई अगदी खरी वाटली.' भगवानरावांनी ताबडतोब उत्तर टाकलं: 'मॅडम, बायकांनी मालिकांवर बोलावं. सिनेमा समजायला दृष्टी लागते.' सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. फोटो स्टुडिओवाल्या श्रावणनं तर दोनदा वाजवल्या.

इथं भगवानरावांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. ममता मॅडमनी त्याच दिवशी ग्रुप उघडून आपला फोन बेबीताईंच्या हातात दिला. बेबीताईंनी चष्मा लावला आणि वाचलं. मग बोटानं वर सरकवत सरकवत मागचंही वाचलं. आपलं नखाचं पॉलिश त्यांना तिथं सापडलं, वेशभूषेतला वास्तवाचा अभाव होऊन. आपली बाकीची मतंही सापडली, एकूण एक, सगळी नटूनथटून भगवानरावांच्या नावाखाली उभी. बेबीताई काही बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात बायको काही बोलली नाही म्हणजे काय, हे कोण्याही शहाण्या नवऱ्याला कळलं असतं. भगवानरावांना दृष्टी होती, पण ती सिनेमाची.

त्यातच वर्षाचा सिनेमा आला. वर्षा म्हणजे नेरहून आठ किलोमीटरवर जो तांडा आहे, तिथल्या धावजी राठोडांची लेक. शिकायला मुंबईला गेली ती दिग्दर्शिकाच होऊन आली. तिनं 'तिसरा वेचा', म्हणजे कापसाची तिसरी वेचणी, या नावाचा सिनेमा बापाच्याच वावरात काढला, आणि तो एका ॲपवर शुक्रवारी लागला. नेरमध्ये ते ॲप भगवानरावांशिवाय कोणाकडंच नव्हतं. ग्रुपनं लगेच वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी अकराला वर्षाचा सत्कार ठेवला. आधी भाषण, मग मोठ्या पडद्यावर सिनेमा. पत्रिका छापली, आणि पत्रिकेत लिहिलं: प्रमुख वक्ते, ज्येष्ठ समीक्षक मा. भगवानराव इंगोले.

लग्नाच्या पत्रिकेतलं 'विनीत' सोडलं तर भगवानरावांचं नाव आजवर कुठं छापून आलं नव्हतं. त्यांनी ती पत्रिका पाकिटात घातली, वणीच्या साळ्याला फोटो पाठवला, आरशापुढं उभं राहून शाल अंगावर कशी घ्यायची तेही पाहून ठेवलं. या एका भाषणात आपली उभी जिंदगी सुधरून जाईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून त्या रविवारी ते जरा कमी जेवले. 'तिसरा वेचा' लावला, डोळ्याला पाणी लावलं, ताठ बसले. निर्मात्याचं नाव आलं.

सोमवारी सकाळी कॅलेंडरचं पान पुढं आलं.

"हं. काय झालं?"

बेबीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "उकंडा नावाचा एक माणूस राह्यते. बैलाचा मोठा जाणकार. बजारात त्याच्या शब्दावर बैल ठरते. पण त्याले डोयानं दिसत नाइ. कोणालेच माईत नाइ. बायको टोपलं घेऊन मांगं उभी राह्यते अन् हयूच सांगते, दात सहा, खांदा सुजला, शेपटी आखूड. तेच मंग तो मोठ्यानं बोलते. लोक त्याले फेटा बांधते."

"अन् बायकोले?"

"बायकोले टोपलं."

भगवानरावांनी 'टोपलं' लिहून घेतलं. "पुढं?"

"एक दिवस तो चावडीवर म्हणते, बाईले जनावरातलं काय समजते." बेबीताई क्षणभर नवऱ्याकडं पाहत राहिल्या. नवरा 'चावडी' लिहीत होता. "मंग पुढच्या बजारी दावणीले बांधला होता रेडा. काया कुट्ट. बायकोनं सांगतलं, पांढराशुभ्र गवळाऊ बैल हाये. अन् हा उभा राहून पंधरा मिनिटं त्याच्या पांढऱ्या रंगावर बोलते."

"मंग?"

"दूध उतू चाललं वाट्टे," म्हणत बेबीताई आत गेल्या.

"अवं, पण याच्यात वेचा कुठं आला?" भगवानरावांनी मागून विचारलं.

"तुमच्यापाशी दृष्टी हाये ना. पाहा." दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं, हेही आपलं सांगून ठेवतो.

साडेनऊला परीक्षण पडलं. तीन स्क्रीन लांब. 'शीर्षक प्रतीकात्मक आहे. पहिला वेचा कापसाचा, दुसरा माणसांचा, तिसरा सत्याचा. शेवट दिग्दर्शिकेने प्रेक्षकांवर सोडला आहे. मात्र उकंडाची व्यक्तिरेखा साफ फसली आहे. बायकोच्या जिवावर जाणकार म्हणून मिरवणारा, आणि रेड्याला बैल म्हटलं तरी पत्ता न लागणारा असा मूर्ख नवरा महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात सापडणार नाही. दीड स्टार.'

खरी गंमत पुढंच आहे. तो सिनेमा ग्रुपवर एकानंही पाहिला नव्हता, पण मत नाही असा माणूस नेरमध्ये जन्माला यायचा आहे. श्रावणनं लिहिलं, 'सर, रेड्याच्या सीनला अंगावर काटा आला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'रेड्याचा अभिनय नैसर्गिक.' तिसऱ्यानं कळवलं की बैलबाजारातलं पार्श्वसंगीत जरा जास्तच झालं. संध्याकाळपर्यंत रेड्यावर चौऱ्याहत्तर मतं पडली. ममता मॅडमनी फक्त एक अंगठा दिला. भगवानरावांना वाटलं, बाई सुधरली.

शनिवारी हॉल भरला. स्टेजवर वर्षा बसली होती, शेजारी भगवानराव, समोर ताटात दोन शाली आणि दोन श्रीफळं. पहिल्या रांगेत धावजी, पांढरा फेटा बांधून, लेकीकडं डोळे लावून. तिसऱ्या रांगेत ममता मॅडम आणि त्यांच्या बाजूला ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या बेबीताई. भगवानरावांनी माईक हातात घेतला आणि सोडला नाही. सत्याच्या वेच्यावर दहा मिनिटं बोलले. मग उकंडावर आले.

"दिग्दर्शिका आपल्या गावची लेक आहे, म्हणून मी खोटं बोलणार नाही. उकंडा मला पटला नाही. बायको पाठीमागून सांगते, हा आपल्या नावावर खपवतो, वरून तिलाच म्हणतो तुला काय समजतं! इतका निर्लज्ज माणूस असू शकतो का, मी तुम्हाला विचारतो."

तिसऱ्या रांगेत ममता मॅडमना मोठा ठसका लागला. पहिल्या रांगेत धावजी उभे राहिले.

"साहेब, थांबा जरासे. शूटिंग माह्याच वावरात झालं. वीस दिवस मी तिथंच होतो, सगळ्याइले चहा पाजून राह्यलो होतो. रेडा कुठं होता?"

"बाबा, ते एडिटिंगमध्ये येते," भगवानराव समजुतीनं म्हणाले. "ते नंतर टाकतात."

"रेडा नंतर टाकते?" धावजी लेकीकडं वळले. "छोरी, तू रेडा टाकला काय?"

"नाही बा," वर्षा म्हणाली. तिला हसावं का रडावं कळेना. "रेडा नाही, बैल नाही, उकंडाही नाही. माझा सिनेमा दोन जावांचा आहे. एकमेकींशी न बोलता दोघी कापूस वेचतात."

सगळा हॉल श्रावणकडं पाहू लागला, आणि श्रावण छताच्या पंख्याकडं. मग हळूच पन्नास-साठ फोन खिशांतून बाहेर आले, आणि प्रत्येक जण रेड्यावरचं आपलं मत खोडायच्या मागं लागला. पण पाच दिवस उलटून गेले होते. मत पुसायचं बटण काही केल्या येईना.

"पण काका," वर्षा म्हणाली, "गोष्ट फार भारी आहे. खरंच सांगते, माझ्यापेक्षा भारी. कोणाची आहे ही?"

दोन शब्दांचं उत्तर होतं. 'माह्या बायकोची.' भगवानरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर ताटात शाल होती, पाकिटात पत्रिका होती.

"माझी," ते म्हणाले. "म्हणजे मी असतो, तर असा सिनेमा काढला असता."

"मग सांगा ना, शेवट काय आहे?"

"शेवट प्रेक्षकांवर..."

"प्रेक्षकांचं राहू द्या काका. मला काढायचा झाला तर?"

भगवानराव पाणी प्यायले. दुसरा ग्लास वर्षाचा होता, तोही प्यायले. हॉल वाट पाहत होता, धावजी अजून उभेच होते. शेवटी त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडं गेली, आणि सहा वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. हातातला माईक चालू आहे, हे काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"अवं, शेवटी काय झालं वं?"

नेरच्या वाचनालयात इतकी शांतता कधी वाचकांनीही पाळली नव्हती. बेबीताई उठल्या, पदर सारखा केला.

"शेवटी भर बजारात एकानं त्याले इचारलं, का बाप्पा, हे जनावर पारखलं कोणं? अन् त्याले बायकोकडं पाहा लागलं. बस. एवढाच हाये."

आधी ममता मॅडम हसल्या, मग बायकांची बाजू, मग तो सतरा टाळ्यांवाला ग्रुप. श्रावण सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. धावजींचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"अन् ताई, रेड्याचं काय झालं?"

"रेड्यानं काइच केलं नव्हतं दादा, बिचाऱ्यानं," बेबीताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"शेवट काही पटला नाही," भगवानराव माईकमध्ये पुटपुटले, पण ते कोणी ऐकलं नाही.

शाल आणलेलीच होती, म्हणून त्यांच्या अंगावर घातली. श्रीफळ मात्र वर्षानं उचललं, खाली उतरली आणि बेबीताईंच्या ओटीत घातलं. "काकू, ही गोष्ट मला द्याल?" तिनं विचारलं. बेबीताईंनी होय म्हटलं, पण नाव आपलंच लागलं पाहिजे, हेही सांगून टाकलं.

मग खिडक्यांवर पडदे ओढले आणि सिनेमा लावला. भगवानरावांनी पहिल्या रांगेत धावजींच्या शेजारी बसून शपथ घेतली, की आज जीव गेला तरी चालेल, डोळा लागू द्यायचा नाही. शपथ खरी होती. शाल लोकरीची होती.

संध्याकाळी ओसरीत बसून त्यांनी फोन काढला. 'प्रतीकात्मक' लिहिलं, खोडलं. 'संयत' लिहिलं, तेही खोडलं. आत स्वयंपाकघरात ममता मॅडम बेबीताईंना फोनमधलं काहीतरी समजावून देत होत्या. भगवानरावांनी मोठा श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा खरं परीक्षण लिहिलं.

'तिसरा वेचा. पहिली वीस मिनिटं फार सुंदर. पुढचं मी पाहिलं नाही. आजवर कोणत्याच सिनेमाचं पाहिलं नाही. ते बेबीताई पाहतात. पुढचं त्यांना विचारा. चार स्टार.'

ग्रुपवर कोणी अंगठा दाखवला नाही, कोणी टाळी वाजवली नाही. भगवानरावांना छातीवरचं पोतं उतरल्यासारखं वाटलं. एवढं मोकळं लिहिणारा समीक्षक नेरमध्ये आपण एकटेच, असंही जरासं वाटून गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. ममता मॅडमनी नुकतंच ग्रुपमध्ये घेतलेल्या एका नव्या नंबरवरून मेसेज आला होता.

'वीस नाइ. बारा.'