महेंद्रची काळकोठडी

"हे गाणं वाजू दे, हरिचंद्रकाका स्वतः येऊन मला मिठी मारतील!" महेंद्रने गिटार गळ्यात अडकवत जाहीर केलं.

ड्रमवर बसलेल्या हरेशने नुसता कान खाजवला. शेजारच्या सिंधी वस्तीतल्या, म्हणजे कॅम्प पाचमधल्या, त्याच्या वडिलांच्या जीन्सच्या कारखान्यामागे यांची तालीम चाले. शिलाई मशीनांच्या खडखडाटामुळे महेंद्रच्या आवाजाबद्दल तक्रार येत नसे, अशी तेवढी एकच जागा उरली होती.

"साईं, मिठी छोड! पोरगी देतील का ते बोल!"

तोच तर घोर होता! महेंद्रचं आणि पायलचं जमलंय, हे अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडलं होतं पायलच्या वडिलांच्या, म्हणजे हरिचंद्रकाकांच्या अटीपाशी. काका नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. "ज्यानं समाजासाठी एकदा तरी जेल बघितलं नाही, त्याच्या घरात माझी पोरगी जाणार नाही!" बाकीचे बाप जावयाची नोकरी विचारतात, यांना जेल हवं होतं. त्यात पायलच्या मावशीने बदलापूरचं एक स्थळ आणलेलं. तो मुलगा म्हणे दोनदा आत जाऊन आला होता!

आता महेंद्रही आत जाऊन आला होता, हे सोळा आणे खरं. मागच्याच उन्हाळ्यात. कशापायी आणि किती वेळ, असले बारीकसारीक तपशील रॉक गाण्यात कोण सांगत बसतं?

२००६ सालची भीमजयंती. वसाहतीच्या स्टेजवर दिवे लागले, खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत हरिचंद्रकाका, शेजारी पायल, पलीकडे ती बदलापूरवाली मावशी. महेंद्रची आई विठाबाई मात्र घरी थांबली होती, कारण नळाला पाणी यायचं होतं. हेही महेंद्रच्या पथ्यावरच पडलं होतं.

"काळकोठडी! काळकोठडी!
गजांआड ही जवानी सडली,
अंधाराशी दोस्ती जडली!"

हरेशने ड्रम असे बडवले की भोकाड पसरलेली दोन तान्ही पोरं घरी न्यावी लागली. महेंद्र गुडघ्यांवर बसून नसलेले गज हलवू लागला. गाणं संपलं तेव्हा काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ते तरातरा स्टेजवर आले आणि त्यांनी माइक हिसकावला.

"कुठल्या लढ्यात गेला होतास, पोरा?"

महेंद्रला घाम फुटला. "पाण्याच्या," तो पुटपुटला. हे अगदी खरं होतं!

"आणि आजवर एका शब्दानं बोलला नाहीस? याला म्हणतात कार्यकर्ता!" काकांनी पाहुण्यांसाठी आणलेली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. "माझी पायल मी याच्याच घरात देणार! हा हरिचंद्रचा शब्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीचं तोंड एवढंसं झालं. महेंद्रला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पण काका आता थांबतात कुठले! "आपल्यात एकट्याचा सत्कार होत नाही. आम्ही सुटून आलो तेव्हा कोठडीतले सगळे एका हारात उभे होतो! महेंद्रसोबत जे जे आत होते, त्यांनी वर यावं!"

"काका, नको! ते... ते फार लाजाळू आहेत!"

तेवढ्यात मागून दहा-बारा बायका उठल्या. सर्वांत पुढे विठाबाई!

"आई, तू? पाणी?"

"कसलं पाणी! नळ नुसता फुसफुसला," म्हणत विठाबाईने माइक धरला. "जयभीम! आम्ही बाया हंडे घेऊन मोर्च्याला गेलेलो. माझा पदर सुटला म्हणून हंडा ह्याच्या हातात दिला. हा चाललेला गिटारची तार आणायला! तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. हंडेवाले सगळे आत!"

लोक खो-खो हसू लागले.

"कोठडी कसली, चौकीमागचा व्हरांडा तो! गज-बिज काय नव्हते, जास्वंदीची कुंडी होती. वडापाव दिला, चहा दिला, दुपारी सोडलं."

"आई, बस की आता!"

"थांब रे! साहेबांनी ह्याला विचारलं, ही बाई कोण तुझी? तर हा म्हणतो, साहेब, ह्या बाईला मी ओळखत नाय!" विठाबाई हसता हसता गप्प झाली. "लई लागलं होतं तेव्हा. पण घाबरलेलं माझं लेकरू."

महेंद्रला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. त्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. काकांनी त्याच्या खांद्यावरची शाल काढली आणि विठाबाईच्या अंगावर घातली. गेलं! पायल बदलापूरला गेली!

"शब्द दिला तो दिला," काका माइकवर गरजले. "पोरगी याच घरात जाणार. सासू जेल बघून आलेली आहे. जावयाचं काय, घेऊ चालवून!"

टाळ्या पुन्हा वाजल्या, या खेपेला विठाबाईसाठी. महेंद्र मान खाली घालून स्टेजवरून उतरला. पायऱ्यांपाशी पायल कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय रे, उद्या पोलीस आले तर मला तरी ओळखशील ना?"

महेंद्रने घाईघाईने गळ्याला चिमूट लावली. "आईशपथ!"

"अगं बाई," मागून शाल सावरत येणारी विठाबाई म्हणाली, "माझी नको रे घेऊस!"