धुरोजीची रिकामी जागा

समाजाचं आरोग्य हे त्यातल्या काल्पनिक माणसांच्या फुप्फुसांवर अवलंबून असतं. हे सत्य इतकं उघड आहे की ते शोधून काढायला नऊ जणांच्या समितीला जेमतेम चार वर्षं लागली. समितीने ‘कडाडवीर’ या चित्रमासिकाचे एकशे नव्व्याण्णव अंक तपासले. त्यांत कोसळलेल्या इमारती ६१२, फेकलेल्या मोटारी १,०४०, पळवलेला चंद्र एक (नंतर परत केला). यांपैकी काहीही आरोग्यास अपायकारक आढळलं नाही. मात्र एक सिगार आढळला. एकच, पण प्रत्येक अंकात.

तो धुरोजीच्या तोंडात होता. धुरोजी हा मासिकातला खलनायक. तो झुरका घ्यायचा आणि त्या धुरातूनच त्याचं अंग उभं राहायचं: आधी खांदे, मग दंड, शेवटी ते कुत्सित हसू. नायक कडाडवीर कोणीही काढेल (छाती मोठी, डोकं लहान, झालं). पण धुराला खांदे फुटावेत आणि तरी तो धूरच दिसावा, यात मासिकाच्या चित्रकाराची सोळा वर्षं गेली होती.

दोनशेव्या अंकाला समितीचं आरोग्य-प्रमाणपत्र मिळालं नाही, तर मासिक बंद आणि चित्रकाराची रवानगी पाठ्यपुस्तकांकडे, गणितातली सफरचंदं रंगवायला.

“सिगार खोडतो की मी,” चित्रकार संपादकांना म्हणाला.

“खोडाल. मग ते विचारतील, धूर कसला?”

“म्हणजे धूरही खोडू?”

“खोडा.”

“अहो, मग राहिलं काय? तो माणूसच धुराचा आहे!”

“बघा बुवा,” संपादक म्हणाले. “सफरचंदाला निदान खांदे नसतात.”

चित्रकाराने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. पहिल्यांदा हसू पुसलं, कारण ते बघत असताना बाकीचं पुसणं त्याला जमेना.

दोनशेव्या अंकात कडाडवीर भर रस्त्यात हवेला ठोसे मारतो, “आता कुठे पळशील?” असं कोणालाच न विचारता विचारतो, चौदा इमारती पाडतो आणि जिंकतो. प्रमाणपत्र मिळालं. ‘हवा उल्लेखनीय स्वच्छ’ असा शेराही मिळाला.

घरी बायकोने अंक चाळला. “अहो, हा मारतोय कोणाला?”

“नको विचारूस.”

“नाही, पण मारतोय छान. बघून बरं वाटलं.”

खप तिप्पट झाला. चित्रकाराला काही उमगेना. महिन्याभराने तो केस कापायला गेला, तेव्हा न्हाव्याच्या बाकावर तोच अंक होता. पानोपानी कडाडवीराच्या ठोशासमोरची पांढरी जागा बॉलपेनने भरलेली.

“गिऱ्हाईकं भरतात,” न्हावी कात्री चालवत म्हणाला. “नंबर लागेपर्यंत जो आठवेल तो. हे घरमालक. ह्या कोणाच्या तरी जाऊबाई. हा मिशीवाला माझा मेहुणा, मी काढलाय.”

“आणि हा चष्मेवाला?”

“तो मी. मेहुणा परवा दाढीला आला होता.”

समितीनेही भरलेले अंक मागवून पाहिले. तीनशे प्रतींत शेजारी ४१ टक्के, नातलग ३८ टक्के, साहेब १९ टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांचा चेहरा मार खाऊन ओळखू येत नव्हता. एकही जण सिगार ओढत नव्हता. समितीने समाधान व्यक्त केलं आणि पांढरी जागा आणखी दोन बोटं रुंद करण्याची शिफारस केली.

चित्रकाराची नोकरी टिकली. आता तो दरमहा बत्तीस पानं काहीही न काढता काढतो. धुरोजीला परत आणा, असं एकही पत्र आलेलं नाही. सुरुवातीला तो टपालाची वाट पाहायचा. मग त्याच्या लक्षात आलं की त्या जागेवर प्रत्येकाने आपला माणूस केव्हाच बसवला आहे.

तुमचाही बसला आहे. गेल्या काही ओळींत आलाच ना डोळ्यांसमोर? चेहरा हुबेहूब उतरलाय. फक्त तिकडे त्यानेही नुकताच पेन हातात घेतलाय, तेवढं मान जरा सरळ ठेवा.