डोक्यावरचं सुतक

"महिन्याभरात या डोक्यावर असं रान उगवतं की नाही, बघच!" असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. ऐकायला खोलीत आरशाखेरीज कोणी नव्हतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं, तेव्हाची गोष्ट. मी देशावरचा, तिथे एका ठेकेदाराकडे टाइमकीपर. राहायला चिंचणीत, घरमालक अण्णा आणि माई यांच्या वाडीतली एक खोली. रोज सकाळी शेकडो माणसांची नावं मी पुकारायचो. माझं नाव मात्र कोणी पुकारत नसे. घरी येऊन स्टोव्ह पेटवावा, भात खावा आणि समुद्राचा आवाज ऐकत बसावं. रविवारी तर तोंडातून शब्द निघायचा नाही. फार एकटं वाटायचं हो! पुष्कळ विचार करून मी या दुःखाचं मूळ शोधलं. माझं टक्कल! तिशीतच तुळतुळीत झालेल्या माणसाशी कोण बोलणार? केस आले की माणसं येतील!

म्हणून एका वैद्यराजांचं तेल पोस्टाने मागवलं. बाटलीवर छापलं होतं, 'कापसाने एक थेंब लावावे. चुणचुण झाल्यास गुण येत आहे असे समजावे.' एक थेंब? माझ्या टकलाचा विस्तार वैद्यराजांनी पाहिला नव्हता! मी अर्धी बाटली ओतली, खसाखसा चोळली, वर फडकं बांधलं. चुणचुण सुरू झाली. वा! चुणचुणीची आग झाली. वावा! फडकं सोडलं तेव्हा डोकं भाजलेल्या वांग्यासारखं सोलून निघत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. उरलेले केस काढून या, तरच मलम लागेल."

तसाच दामू न्हाव्यासमोर जाऊन बसलो. "दामू, सगळे काढ," एवढंच कसंबसं बोललो आणि डोळे पुसले. एरवी गावभरच्या गप्पा मारणारा दामू एकदम गप्प! त्याने हळुवार हाताने डोकं उतरवलं, मागे चार केसांची शेंडी ठेवली आणि मी डोळे उघडेपर्यंत मिशीही उडवली!

"अरे, मिशी कशाला?"

"ती पन काढायलाच लागते, सायेब. धीर धरा."

मलमाशी मिशीचा काय संबंध, देव जाणे! मी डोक्यावर ओला पंचा टाकून घरी आलो. आच सोसेना म्हणून स्टोव्हसुद्धा पेटवला नाही.

संध्याकाळी दारात माई! हातात पिठलं-भाताचं ताट.

"चूल नाय पेटवली ना? नाय पेटवायची. दोन घास खावा." माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझ्या टाळूबद्दल एवढी कळकळ! मी ताट पुढे ओढलं.

मग रीघच लागली. शेजारचा चंद्रभान आला. मासळी विकणारी नवसी चक्क टोपलीशिवाय आली! म्हातारे नामदेवतात्या जवळ बसून हळूच म्हणाले, "तरास लई झाला काय?"

"फार! कातडी सोलून निघाली."

"अरेरे! डॉक्टर काय बोलला?"

"म्हणाला, उशीर केलात."

"आता सुटला म्हना त्यातून." तात्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

रोज माणसं येत, रोज ताट येई. वर्षभरात बोललो नव्हतो तेवढं मी त्या दिवसांत बोललो. एकच गोष्ट खटकायची. उठताना कोणी 'येतो' म्हणत नसे. मुकाट्याने चपला घालून चालू पडत. हे उद्या येणार नाहीत, या धास्तीने मी उदास व्हायचो.

एके दिवशी माईंनी विचारलं, "दहाव्याला गावी जानार, का हितंच खाडीवर उरकनार?"

"कोणाच्या दहाव्याला?"

"वडलांच्या! का आई गेली?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! शेंडी, मिशी, पिठलं, रिकाम्या हातांची नवसी! आणि दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' कोण म्हणतं? आता हो म्हटलं तर आणखी काही दिवस माणसं. नाही म्हटलं तर पुन्हा स्टोव्ह आणि समुद्र.

"गेली," मी म्हणालो. "दोघंही."

"अगं बाई! कवा?"

इथे मात्र अडकलो. "मी लहान होतो तेव्हा. चुलत्याने वाढवलं."

"मंग हे डोस्कं?"

मी तेलाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. माईंनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"म्हंजे आमी सगली टकलासाठी रडलो?"

"मला खरंच माहीत नव्हतं, माई! वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच येता. माझ्याकडे कोणी येतच नाही हो."

माईंनी ताट उचललं. उंबऱ्यापर्यंत गेल्या. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या वळल्या.

"येते हां," म्हणाल्या.

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले, आणि या वेळी तेलाचा काही दोष नव्हता!

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. ताटात बोंबलाचं झणझणीत कालवण.

"ती बाटली उरली हाय ना? द्या. आमच्या ह्यांच्या डोस्क्याला लावते."

"माई, जळतं ते!"

"जलतं म्हंजे औषध जोरदार हाय! तुमाला लावता नाय आलं."

"एकच थेंब लावा!" मी मागून ओरडत राहिलो. पण अण्णांचं टक्कल माझ्याहून मोठं, आणि माई सढळ हाताच्या.

दुसऱ्याच दिवशी अण्णा दामूसमोर जाऊन बसले, आणि मी पिठलं करायला शिकायला घेतलं.