कोसमटोल्याच्या शाळेचा सुधारित इतिहास

कोसमटोल्याच्या प्राथमिक शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत असल्याची बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली आणि शाळेचा गौरवशाली इतिहास तातडीने सादर करण्याचा आदेश निघाला. एक खोली, चार वर्ग आणि एकच शिक्षिका, माधवी रामटेके. आदेश आला तेव्हा ती भागाकार शिकवत होती. बाकी फळ्यावर तशीच सोडून ती गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे, वारलू आत्रामकडे गेली.

"शाळा कशी निघाली, वारलूभाऊ?"

"पाटीमुळं. जंगल खात्यानं सागवानात पाटी ठोकली. कोनाले वाचता येत नोतं. जो आत जाये, त्याले गार्ड पकडे. मंग माह्या बुढ्यानं म्हटलं, काय लिवलं हाये ते वाचून तं पाहू. म्हनून आमच्या गायीच्या कोठ्यात शाळा काढली. वर्षभरानं आमी पोट्ट्यायनं वाचलं, 'आत येण्यास मनाई'."

"मग?"

"मंग काय? तवापासून वाचून जातो."

माधवीला हसू आवरेना. तिनं शब्द न् शब्द लिहून पाठवला. दुसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुख गुणवंतराव मोटारसायकलीवर हजर.

"मॅडम, इतिहास आहे, पण गौरवशाली नाई. गायीचा कोठा काऊन? 'निसर्गरम्य वातावरण' लिवा. अन् ते मनाईचं काढा. खात्याखात्यात वितुष्ट येते."

सुधारित इतिहास लिहायचा तर प्रशिक्षण आवश्यक होतं. माधवी तालुक्याला गेली, शाळेला कुलूप लागलं. ती परतली तर जुनी छायाचित्रं हवी होती. ती कोणी काढलीच नव्हती. म्हणून आजच्या पोरांना धोतरं नेसवून झाडाखाली बसवण्यात आलं. मग त्यांची चित्रफीत काढायचं ठरलं आणि रोज तालीम सुरू झाली.

एक दिवस लालसू आपल्या पोरीला न्यायला आला.

"बाई, पोट्टी दोन महिन्यांपासून जुन्या काळात बसून हाये. पुढं कधी येईन?"

लालसूनं पोरीला कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवलं. पाठोपाठ बाकीची लेकरंही गेली. समारंभात स्वागतगीत म्हणायला शेजारच्या गावातून पोरं मागवावी लागली.

इतिहासाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात पटसंख्येअभावी शाळा बंद करण्याचा आदेश आला. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

"सर, शाळाच बंद?" माधवीनं आदेश पुढे करत विचारलं.

"पण इतिहास पूर्ण झाला ना!" गुणवंतराव समजुतीनं म्हणाले. "चालू शाळेचा इतिहास नेहमी अर्धवटच राह्यते."

माधवीनं हार मानली नाही. पट वाढला तर आदेश फिरतो, म्हणून ती घरोघरी फिरली. लालसू म्हणाला, "आणतो बाई. पन तुमी शिकवू राह्यले का इतिहास लिवून राह्यले, ते आधी सांगा."

तेवढ्यात बक्षीसपात्र इतिहास तिच्या फोन नंबरासह वर्तमानपत्रात छापून आला आणि तिचा फोन वाजू लागला. नागपूर, पुणे, ठाणे. सगळे गहिवरलेले.

"डोळ्यांत पाणी आलं हो मॅडम! मराठी शाळा जगलीच पाहिजे."

"हो ना," माधवी आशेनं म्हणायची. "तुमची मुलं मराठी शाळेतच असतील?"

"हॅलो? हॅलो मॅडम, आवाज तुटतोय... तुमच्या जंगलात रेंज नसेल."

त्या दिवशी कोसमटोल्यात रेंज फुल होती.