कुमुदताईंच्या कोटातलं वानर

भर मे महिन्यात, उज्जैनच्या उन्हात, कुमुदताई लोकरीचा राखाडी कोट घालून गच्चीवर फिरायच्या. तोही उलटा, बटणं पाठीवर. त्यामुळे आमच्या माधवनगरात दोन मतं पडली. काही म्हणाले, ऊन डोक्यात गेलं. बाकीचे म्हणाले, डोकं पहिल्यापासून असंच आहे, उन्हाला का नावं ठेवता?

त्यांच्या आणि आमच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत. ताईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही गळ्यातली शिट्टी उतरवली नाही. दूधवाला उशिरा आला की शिट्टी. मी दिसलो की शिट्टी. "भाऊसाहेब, पेट अंदर!" लाडाचा त्यांना भारी तिटकारा. आमच्या मुलीला कुणी कडेवर घेतलं की लगेच, "ज्यादा लाड नको हं. भगवानने पाय दिले आहेत न?"

त्या उन्हाळ्यात तारेचा झटका बसून एक वानरी गल्लीत पडली ती उठलीच नाही. तिच्या पोटाला काळंभोर पिल्लू बिलगलेलं. मोहल्ल्याने वानरीला फुलं वाहिली, अगरबत्ती लावली, हात जोडले. पिल्लाचं काय करायचं, ते मात्र कुणाला सुचेना. कुमुदताई खाली बसल्या, त्याचं एकेक बोट सोडवलं आणि त्याला उचलून घरी घेऊन आल्या.

वन विभागाचा माणूस येऊन पाहून गेला. "मैडम, पालना मना है. पर अभी सफर में मर जाएगा. हम देखने आते रहेंगे. बड़ा हो जाए तो झुंड में जाएगा. बस, इंसान की आदत मत लगाना."

हे ताईंनी फारच मनावर घेतलं. पिल्लाला नाव ठेवायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कोट यातूनच आला, आणि बटणं त्याला टोचू नयेत म्हणून उलटा. "साडीवरून फिसलतो हो तो," त्या मला म्हणाल्या. "धरायला केस पाहिजेत त्याला. आता मी कुठून आणू?"

लोक केळी घेऊन दारात यायचे. "दीदी, हनुमानजी के दर्शन करा दो." आत शिट्टी वाजायची. "दर्शन बंद! विसर्जन!" महाकालाच्या गावात दर्शन बंद करणारी ही एकटीच बाई.

बकरीचं दूध ड्रॉपरने पाजून झालं, दात आले, मग पाल्याचे धडे सुरू झाले. ताई पिल्लासमोर बसून चिंचेचा कोवळा पाला खायच्या, आणि चेहरा असा करायच्या की जणू पानात श्रीखंड वाढलंय. पुढे चढण्याचा तास. परसातल्या चिंचेला शिडी लावलेली, शिडी धरायला मी. वर ट्रॅकपँटमधल्या ताई आणि त्यांच्या छातीवर तो.

"उजवा हात! अब पाय! शाबास!"

ही शाबासकी त्याला होती की स्वतःला, ते खालून कळायचं नाही.

उन्हाची तिरीप मंद झाली की सगळी गल्ली पेंगायची. ताई चिंचेच्या बेचक्यात टेकून बसलेल्या असत. पिल्लू कोटात झोपलेलं. पानं हलायची तसे त्या दोघांवर उजेडाचे ठिपके हलायचे. बोलायचं नाही हा नियम, म्हणून त्या नुसतंच म्हणायच्या, "एक, दो... एक, दो..." अगदी हळू. ऐकता ऐकता शिडीजवळ माझेही डोळे मिटायचे.

पाऊस सरला तोवर पिल्लाचा काळा रंग जाऊन अंगावर राखाडी लव आली होती. वानरांची टोळी रोज सकाळी छतांवरून यायची. ताई त्याला घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात बसायच्या, टोळीकडे पाठ करून. वानरं लांबून बघायची आणि पुढे जायची. कितीतरी दिवस असं चाललं. मग एका सकाळी एक थोराड वानरी सावकाश जवळ आली. तिने ताईंच्या खांद्यावरून हात घातला आणि पिल्लाला ओढून घेतलं.

ते चिरकलं. ताई हलल्या नाहीत.

"ताई, बघा तर!" मी भिंतीपलीकडून म्हणालो.

"नाही. मला बघून परत येईल." जरा वेळाने, "कुठे आहे?"

"पाण्याच्या टाकीवर. तिच्या पोटाशी."

"घट्ट धरलंय?"

"घट्ट."

"रडतोय?"

"नाही. तिचा कान ओढतोय."

"मग ठीक," म्हणाल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. टोळी छतांवरून फ्रीगंजच्या दिशेने गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

दुपारी त्या आमच्याकडे आल्या. इतक्या वर्षांत न बोलावता प्रथमच. "वहिनी, आज इथेच जेवू का?" म्हणाल्या. वरणभात खाल्ला, आणि हात धुऊन आल्यावर खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

बायको रात्रीच्या चटणीसाठी मिक्सर लावत होती. तिने मला खुणेने बोलावलं. झोपेत ताईंचा उजवा हात छातीसमोर हळूहळू थोपटत होता. खाली रिकामी हवा, आणि हात थांबत नव्हता. बायकोने मिक्सरची पिन काढली, कोपऱ्यातला पाटा ओढला, आणि आवाज होऊ न देता त्यावर चटणी वाटायला बसली.