आवडत्या सिनेमाचा शेवट

दिवे लागले तसे कादंबरीकार दचकून जागे झाले. त्यांनी हनुवटी पुसली आणि तडक स्टेजवर चढले.

‘लेखकांचे आवडते जुने सिनेमे’ या कार्यक्रमाला चित्रपट मंडळाने त्यांना बोलावलं होतं. प्रत्येक मुलाखतीत ते एकाच कृष्णधवल रहस्यपटाचे गोडवे गात. म्हणून आज आधी तो सिनेमा आणि मग त्यांचं भाषण, असा बेत होता. बायको दोन रांगा मागे बसली होती.

“काय तो शेवट!” ते गहिवरून म्हणाले. “खून त्या प्रेमळ डॉक्टरनेच केलाय हे कळतं, तेव्हा आजही अंगावर काटा येतो!”

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई लगबगीने वर येऊन कानाशी लागल्या.

“सर, आत्ता फक्त मध्यंतर झालंय.”

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

उरलेला सिनेमा त्यांनी टक्क जागं राहून पाहिला. थोड्याच वेळात डॉक्टरचाच खून झाला. खुनी निघाली त्याची थोरली बहीण. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“सरांनी आपल्याला मुद्दाम चकवलं!” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “रहस्य फुटू दिलं नाही. याला म्हणतात लेखक!”

लाजेने कादंबरीकारांचे कान तापले. हे कौतुक त्यांना सोसवेना.

“चकवलं वगैरे काही नाही हो,” ते कसेबसे म्हणाले. “हा सिनेमा मी आजवर पूर्ण पाहिलेलाच नाही. अंधार झाला की मला झोप लागते. शेवट एका मित्राने सांगितला होता. तोही चुकीचा.”

सभागृह हसून लोटपोट झालं. “किती मिश्कील माणूस!” अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

बायको तेवढी हसली नाही. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, “लग्नाआधी आपण हाच सिनेमा पाहिला होता. मी लाजून तुमच्याकडे बघितलंच नाही. बाहेर आलो तर तुमचे डोळे लाल. म्हणालात, शेवट सहन झाला नाही. घरी जाऊन मी आईला सांगितलं, माणूस हळवा आहे, मला पसंत आहे.”

कादंबरीकारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अगं... नुकताच उठलो होतो.”

ती गाडीचं पुढचं दार सोडून मागच्या सीटवर जाऊन बसली.

“चला,” ती म्हणाली, “गाडी चालवताना तरी जागे राहा.”