सुतारपक्षी आणि तुरीतला भोंगा

"माणूस रानडुक्कर हाकलते, तं हे पाखरू काय चीज आहे!" ओसरीच्या सागवानी खांबाकडे बोट दाखवून संघदीप गरजला. "उद्यापासून दिसलं, तं मिशी उतरवून ठेवतो!"

दीपमालेनं नवऱ्याच्या मिशीकडे पाहिलं. पणाला लावावी इतकी ती नव्हतीच!

पाखरू म्हणजे सुतारपक्षी. सोनेरी पाठ, लाल तुरा, थाट नवरदेवाचा! पंधरा दिवस झाले, भर दुपारी यायचा आणि खांबाला भोकं पाडायचा. खांबाची चाळणी होतेय, हे संघदीपचं दुःख. दीपमालेचं दुःख वेगळं. अकरा महिन्यांची यशू दुपारी अर्धा तास झोपायची. तेवढ्यात तव्यावरची भाकर गरमागरम खावी, एवढीच तिची इच्छा. पण इकडे भाकर फुगली रे फुगली, की तिकडे टक-टक-टक! यशू जागी! यशू झाल्यापासून गरम घास दुर्मिळच, या पंधरा दिवसांत तर दीपमालेच्या तोंडात एकही गेला नव्हता.

आधी डबे टांगून झाले. पाखरानं ते वाजवून पाहिले. आवडले! मग डुकरांसाठी वावराभोवती बांधतात तसं जुनं लुगडं खांबाला गुंडाळलं. सासूबाई, रुखमाबाई, भडकल्या, "माह्यं लुगडं कायले बांधलं रे? खांबाले थंडी वाजते काय?"

शेवटी संघदीपनं तुरीतला भोंगा उचलून आणला. बॅटरीवरचा, त्यात डुकरांना भेवडवायला त्याच्याच आरोळ्या भरलेल्या. आढ्याला बांधला आणि वावरात जाता जाता बजावलं, "पाखरू आलं का कळ दाबजो. बस!"

दुपारी यशू झोपली. भाकर फुगली. टक-टक-टक! दीपमालेनं धावत जाऊन कळ दाबली.

"हुर्रर्र! घुसलं रे घुसलं! डुक्कर घुसलं! काठ्या घेऊन धावा रे!"

यशूनं भोकाड पसरलं. दीपमालेनं घाईघाईनं कळ मागे ओढली. कळ हातात आली, भोंगा चालूच!

शेजारचे नागोराव काका काठी घेऊन हजर. मागे कुऱ्हाडवाले चौघे, एक बाई तर मुसळ घेऊन!

"भेऊ नको व पोरी! कुठं आहे?"

"काका, डुक्कर नाही, थो भोंगा..."

"पलंगाखाली असंल!"

पलंग उलटा झाला. धान्याची कोठी बदडून झाली. रुखमाबाई गल्लीतूनच किंचाळत आल्या, "माह्या लेकाले डुकरानं धरलं व माय!"

नागोरावांनी संघदीपला फोन लावला. तो वावरातून बोलला. काका चक्रावले, "काय बे! घरात तूच वरडून राह्यला, अन् वावरात काय करून राह्यला?"

संघदीप धापा टाकत आला, त्यानं वायर उपटली. सगळे वर बघायला लागले. मग त्याच्याकडे. मग जे हसणं सुटलं!

या गोंधळात यशू नागोरावांच्या खांद्यावर जाऊन बसली होती. त्यांचा कान धरून खिदळत होती. मग मुसळवाल्या बाईनं घेतली, मग कुऱ्हाडवाल्यानं. "इतकी गोड पोट्टी, अन् घरात दडवून ठेवली व!"

दीपमाला गुपचूप चुलीपाशी गेली. नवी भाकर टाकली. मोडली तशी वाफ निघाली, बोटं पोळली. पहिल्या घासाला डोळे भरून आले. रुखमाबाईंनी विचारलं, तर म्हणाली, ठेचा तिखट आहे.

संध्याकाळी शरमलेल्या संघदीपनं खांबाला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आणि भोंगा सोडायला चढला.

"राहू द्या," दीपमाला म्हणाली.

"काहून? गाव हसून राह्यलं!"

"कळ नवी बसवा. अन् आवाज दुसरा भरा."

"काय भरू?"

"यशू जागी आहे, या! एवढंच."

आता रोज दुपारी भोंगा बोलतो. नागोराव येतात, मुसळवाली येते, मुसळाशिवाय! यशू या मांडीवरून त्या मांडीवर. आणि दीपमाला दोन भाकरी खाते. गरम!

सुतारपक्ष्यानं खांब कायमचा सोडला, हे मात्र खरं. हल्ली तो भोंग्यावर बसून टकटक करतो. आणि बोलावणं आलं, की सगळ्यांच्या आधी तोच हजर असतो!